काँक्रीट पोखरणारे जिवाणू : एका शतकाचा मागोवा

ताज्या काँक्रीटमधील पाण्याचा सामू 12 ते 13 असतो. इतक्या अल्कधर्मी पृष्ठभागावर आम्ल तयार करणारे जिवाणू तग धरत नाहीत. तरीही सांडपाण्याच्या वाहिन्या आणि सेप्टिक टाक्यांचे स्लॅब आतून भुसभुशीत होतात. यामागे सूक्ष्मजीव आहेत, हे सिद्ध व्हायला विसाव्या शतकाचा जवळपास मध्य उजाडला.

लॉस एंजेलिसच्या सांडपाणी वाहिनीतील सिमेंटची झीज 1900 मध्ये नोंदवली गेली, तेव्हा दोष केवळ हायड्रोजन सल्फाइड वायूवर ठेवण्यात आला. 1922 मध्ये वाक्समन आणि जोफे यांनी गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूचे वर्णन केले. 1945 मध्ये मेलबर्नच्या पार्कर यांनी झिजलेल्या काँक्रीटमधूनच असा जिवाणू वेगळा केला आणि वायू ते आम्ल हा दुवा जुळला. दोनच वर्षांनी कोल्मर आणि हिंकल यांनी कोळसा खाणींच्या आम्ल पाण्यात पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजाचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू दाखवले. 1980 च्या दशकात हॅम्बुर्गच्या संशोधकांनी वाहिनीसारखी परिस्थिती बंद कक्षात उभी करून हीच झीज कितीतरी लवकर घडवून आणली.

या कामांतून क्रम स्पष्ट झाला. वाहिनीच्या तळाशी, प्राणवायू नसलेल्या गाळात काही जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. हा वायू वर जाऊन छताच्या ओलसर थरात मुरतो. कार्बन डायऑक्साइड आणि या वायूमुळे पृष्ठभागाचा सामू 9 च्या आसपास उतरला, की गंधक वापरणारे जिवाणू तेथे वस्ती करतात. आम्ल वाढत जाते तशी त्यांच्या जागी आम्लप्रेमी जाती येतात आणि सामू 1 ते 2 पर्यंत घसरतो. सिमेंटमधील चुन्याचे जिप्सम होते. आतल्या भागात एट्रिंजाइट हे फुगणारे खनिज तयार होऊन तडे जातात. म्हणूनच पाण्यात बुडालेल्या भागापेक्षा पाण्यावरचा भाग आधी खचतो.

चंद्रपूर आणि गडचिरोलीला हा इतिहास लागू पडतो. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो आणि उबदार, संथ सांडपाण्यात सल्फाइड भराभर तयार होते. वर्धा खोऱ्यात कोळशाच्या खाणी आहेत. जेथे थरांत पायराइट असते, तेथे पाणी आम्ल होऊन काँक्रीट खाऊ शकते. गडचिरोलीच्या दमट जंगल पट्ट्यात पूल, टाक्या आणि भिंतींवर शेवाळ, दगडफूल व बुरशी वाढते. त्यांची सेंद्रिय आम्ले पृष्ठभाग हळूहळू झिजवतात आणि ओल धरून ठेवतात.

उपायही याच भूमीत सापडतात. औष्णिक वीज केंद्राची राख मिसळलेले सिमेंट काँक्रीट घट्ट करते आणि जमिनीतील सल्फेटला चांगले तोंड देते. मात्र सामू 1–2 वर कोणतेही पोर्टलँड सिमेंट दीर्घकाळ टिकत नाही. राजुरा-कोरपना भागात सिमेंटसाठी खणली जाणारी चुनखडी खडी म्हणून वापरली, तर आम्लाचा काही भाग खडीवर खर्च होऊन झीज मंदावते. खरे संरक्षण आम्ल तयारच न होऊ देण्यात आहे. त्यासाठी वाहिनीला पुरेसा उतार हवा, गाळ साचता कामा नये, हवा खेळती राहावी. अतिधोक्याच्या जागी प्लास्टिकचे अस्तर किंवा कॅल्शियम अल्युमिनेट सिमेंट वापरावे लागते. टिकाऊपणाचा हिशेब त्यामुळे काँक्रीटच्या मिश्रणाबरोबरच सांडपाण्याच्या वाहण्यावरही अवलंबून असतो.