जुन्या संगणकाची नवी सनद

यवतमाळच्या बाजारपेठेत, वणी-पुसदच्या झेरॉक्सच्या दुकानांत आणि शाळांच्या दप्तरखान्यांत जे जुने डेस्कटॉप दाखले छापण्याचे व अर्ज भरण्याचे काम निमूटपणे करीत असतात, त्यांच्यापैकी कित्येकांवर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गंडांतर आले. कारण त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार संपविला, आणि विंडोज ११ ला हवी असलेली टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व नवा प्रोसेसर नसल्यामुळे धडधाकट यंत्रेही कागदोपत्री निवृत्त ठरली. यंत्राची मालकी दुकानदाराची असताना त्याच्या आयुष्याची मुदत दूरदेशीच्या कंपनीने ठरवावी, हे मला अन्याय्य वाटते.

यातून सुटण्याची वाट म्हणजे लिनक्स, आणि तिचे मूळ युनिक्समध्ये आहे. बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मलेली ही युनिक्स प्रणाली मोठ्या संस्थांच्या महागड्या यंत्रांवर चाले. तिच्या धर्तीचा लिनक्स हा गाभा, म्हणजे कर्नल, हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ साली घरातल्या साध्या ३८६ संगणकासाठी नव्याने लिहिला, आणि पुढच्याच वर्षी तो मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएल परवान्याखाली खुला करून वापरण्याची, तपासण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा सर्वांस दिली.

आज याच कर्नलवर उभी असलेली डेबियन किंवा लिनक्स मिंट ही प्रणाली पेन ड्राइव्हवर चढवून संगणक त्यावरून सुरू केला, की हार्ड डिस्कला धक्का न लावता ती चालवून पाहता येते. बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग चालविणारे प्रोग्रॅम, कर्नलसोबतच येत असल्यामुळे यंत्राचे निरनिराळे भाग ती आपणहून ओळखते. मराठीचीही आबाळ होत नाही. रेड हॅटने खुला केलेला लोहित मराठी हा टंक उपलब्ध आहे, आणि कळफलकाची इन्स्क्रिप्ट मांडणी जोडल्यावर शिफ्टसह जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ दाबली की ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ्य’ नीट उमटतो. कापूस-सोयाबीनच्या या जिल्ह्यात तो शब्द किती अर्जांत लिहावा लागतो, हे अर्ज लिहिणाऱ्यांनाच ठाऊक!

मात्र काही प्रिंटर व बोटांचे ठसे घेणारी यंत्रे केवळ विंडोजचेच ड्रायव्हर मानतात. म्हणून पेन ड्राइव्हवरून चालवीत असतानाच ती जोडून पाहावीत, सर्व कागदपत्रांची नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावी, आणि मगच ‘इन्स्टॉल’वर बोट ठेवावे.