पाप करणे आणि पाप करीत राहणे

पेणहून रोह्याला जाताना, नागोठणे मागे पडल्यावर, गाडीत शेजारी बसलेल्या एका परिचित ख्रिस्ती गृहस्थांनी मला विचारले, ‘‘बाप्तिस्मा घेऊन वीस वर्षे झाली. दर वर्षी दारू सोडतो आणि पुन्हा धरतो. माझे तारण गेले का हो?’’ रोहा येईपर्यंत मला धड उत्तर देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न.

मराठीत ‘तारण’ म्हणजे उद्धार, आणि कर्जापोटी ठेवलेला दागिनाही तारणच. हप्ते थकले की दागिना बुडतो. गृहस्थांची धास्ती नेमकी हीच होती.

चर्चच्या परंपरा इथे एकमत नाहीत. डॉर्ट येथे १६१८-१९ मध्ये भरलेल्या कॅल्विनपंथी धर्मसभेने सांगितले, की देवाने खरोखर धरलेल्याला तो पडू दिला तरी कायमचा सोडत नाही. मेथॉडिस्टांचे प्रणेते जॉन वेस्ली यांच्या मते, मिळालेली कृपा माणूस झिडकारू शकतो आणि गमावूही शकतो. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने १५४७ मध्ये ठरवले, की गंभीर पापाने कृपा हरपते, मात्र पश्चात्ताप व पापकबुलीने ती परत मिळते. कुंडलिकेच्या मुखाजवळच्या कोर्लईतील कॅथलिकांची परंपरा हीच.

खुद्द नव्या करारातही पेच आहे. योहानाचे पहिले पत्र आरंभी म्हणते, की स्वतःला निष्पाप म्हणवणारा स्वतःलाच फसवतो. तिसऱ्या अध्यायात मात्र, देवापासून जन्मलेला पाप करीत नाही, असे येते. अनेक भाष्यकार इथल्या ग्रीक वर्तमानकाळात सातत्याचा अर्थ पाहतात. मराठीला हा भेद सहज कळतो. पाप ‘करणे’ वेगळे, ‘करीत राहणे’ वेगळे. ‘राहणे’ म्हणजे मुक्काम करणे. पण सगळा भार व्याकरणावर टाकता येत नाही. कृपा वाढावी म्हणून पापात राहावे काय, असा प्रश्न पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात घेतला आहे, आणि त्याचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

आपल्याकडचे उदाहरण रेव्हरंड ना. वा. टिळकांचे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांचा तापट, लहरी स्वभाव लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त लपवलेला नाही. बाप्तिस्म्याने स्वभाव एका दिवसात धुऊन निघाला नाही, पण म्हणून टिळकांचा विश्वास खोटा होता, असे त्या पुस्तकाचा वाचक म्हणणार नाही.

दुसरा धागा पेण आणि रोह्याशेजारच्या अष्टमीत सापडतो. दोन्हीकडे बेने इस्राएलांची सिनेगॉग आहेत. त्यांच्या हिब्रू परंपरेत पश्चात्तापाला ‘तशुवा’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ परत फिरणे. आपल्या ‘पश्चात्ताप’ शब्दात नंतर होणारा ताप आहे, वळण नाही. त्यामुळे जीव जळला की काम झाले, असे आपल्याला वाटते. येशू आणि त्याचे शिष्य यहुदीच होते. त्यांच्या उपदेशातल्या पश्चात्तापामागे हे परत फिरणे आहे.

म्हणून मला असे दिसते, की शास्त्रातील आश्वासने आणि इशारे दोन वेगळ्या माणसांशी बोलतात. पडून पुन्हा उठू पाहणाऱ्याला आश्वासन आहे. क्षमा मिळणारच म्हणून पापात बिऱ्हाड थाटणाऱ्याला इशारा आहे. अवघड एवढेच, की एकच माणूस आज एक असतो आणि उद्या दुसरा. म्हणून ‘माझे तारण गेले का’ यापेक्षा ‘माझे तोंड कुठे आहे’ हा प्रश्न रोज विचारण्याजोगा आहे.

त्या गृहस्थांना मी पुढच्या भेटीत हे सांगितले. ज्याने पापाशी तडजोड केली, त्याला तुमच्यासारखी धास्ती वाटत नाही, असेही म्हणालो. मात्र परत फिरणे मनातल्या मनात होत नसते. डॉक्टरांकडे जाणे, व्यसनमुक्तीच्या उपचारांना बसणे आणि दारूपायी घरच्यांनी जे सोसले ते त्यांच्यासमोर कबूल करणे, हेही त्यातच येते. क्षमा देवाकडे मागायची, पण भरपाई घरात करायची.