जुन्या इलेक्ट्रिक गिटारच्या जन्मखुणा

अनुक्रमांक : ऑनलाइन विकत घेतलेल्या जुन्या इलेक्ट्रिक गिटारचे वय केवळ अनुक्रमांकावरून ठरवता येत नाही, कारण गिब्सन कंपनीने १९६०च्या दशकात तेच क्रमांक एकाहून अधिक वर्षी वापरले होते.

पोटेन्शिओमीटर : आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखाली बसवलेल्या या फिरत्या रोधकाच्या धातूच्या पाठीवर अनेकदा आकडे उमटवलेले असतात, उदाहरणार्थ, '१३७६६३३' यातील १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा संकेतांक, ६६ म्हणजे १९६६ हे वर्ष आणि ३३ हा त्या वर्षातील आठवडा होय. सुटा भाग साठ्यात पडून राहिलेला असू शकत असल्याने ही तारीख गिटार त्याआधीची नाही एवढेच सांगते, आणि तेही मूळ डाख उकललेला नसेल तरच.

लाकूड : ज्या पट्टीवर बोटांनी तारा दाबल्या जातात, ती ब्राझिलियन रोझवूडची असल्यास परदेशातून गिटार मागवण्यापूर्वी परवान्याची चौकशी आवश्यक ठरते, कारण ही प्रजाती १९९२पासून 'साइटिस' या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, तिची जागा पुढे घेणारे भारतीय रोझवूड म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या पानझडी जंगलांतही वाढणारा शिसव.