बऱ्याच वर्षांनी फ्लाइट सिम्युलेटर उघडला आणि विमान आपटलं? दोष हातांचा नाही

२००६ साली मायक्रोसॉफ्टचा ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ आला. पुढची काही वर्षं सीन असा होता, की बिल्डिंगमधल्या कुणाच्या तरी मोठ्या भावाकडे त्याच्या डीव्हीडी असायच्या. इन्स्टॉल व्हायला अख्खी दुपार जायची. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळे मुंबई म्हणजे करड्या ठोकळ्यांचा ढीग दिसायचा. पण विमानाने जमीन सोडली की अंगावर काटा यायचा.

मग दहावी, बारावी, कॉलेज, नोकरी आणि हप्ते. सगळं सुटलं.

आता हातात थोडे पैसे आहेत, बरा कॉम्प्युटर आहे. एका शनिवारी रात्री तुम्ही नवा सिम्युलेटर टाकता, जुन्या सवयीने थेट मोठं एअरबस घेता, आणि तिसऱ्यांदा आपटल्यावर म्हणता, “आता आपल्याला जमत नाही राव.” बरेच जण इथेच कायमचे थांबतात.

पण जमत नाही असं नाहीये. नेमकं काय होतं, ते बघू.

मधल्या काळात काय बदललं?

‘एक्स’ बनवणारा मायक्रोसॉफ्टचा स्टुडिओ २००९ साली बंद झाला. २०१२ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट’ नावाचा प्रयोग आला आणि त्याच वर्षी त्याचं काम थांबलं. ही मालिका संपली असंच लोकांनी धरलं होतं.

मग ऑगस्ट २०२० मध्ये फ्रान्सच्या असोबो स्टुडिओने बनवलेली नवी आवृत्ती आली. तिने बिंग मॅप्सची उपग्रह चित्रं वापरून पृथ्वीच उभी केली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुढची आवृत्ती आली. तिचा बराचसा भाग इंटरनेटवरून उडता उडता येत राहतो. कंपनीने सुचवलेली गरज ३२ जीबी रॅम आणि ५० एमबीपीएस इंटरनेटची आहे. त्यामुळे रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाईल पॅकवर हे चालवायचं स्वप्न बघू नका.

इंटरनेट कमी असेल तर एक्स-प्लेन १२ आहे. त्याचा नकाशा आपल्याच डिस्कवर राहतो आणि फुकट डेमोही मिळतो. पैसेच घालायचे नसतील तर फ्लाइटगियर पूर्ण मोफत आहे.

खरं जगही बदललंय. ‘एक्स’मध्ये गोव्याचं मोपा विमानतळ नव्हतं आणि नवी मुंबईचंही नव्हतं, कारण दोन्ही नंतर झाली. पाठ केलेले रनवेचे नंबरसुद्धा बदलू शकतात. हा नंबर चुंबकीय दिशेवरून ठरतो आणि चुंबकीय उत्तर हळूहळू सरकत असते. लंडनच्या स्टॅनस्टेड विमानतळाच्या रनवेचे नंबर याच कारणामुळे २००९ साली ०५/२३ चे ०४/२२ झाले.

मग विसरतं काय, हात की डोकं?

आपल्याला वाटतं, हात विसरले. खऱ्या पायलटांवर झालेला अभ्यास वेगळं सांगतो.

२०१४ साली नासाचे संशोधक स्टीफन कॅसनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एअरलाइनच्या १६ पायलटांना बोईंग ७४७-४०० च्या सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि ऑटोपायलटसारख्या सोयी एकेक करून काढून घेतल्या. हाताने विमान उडवण्याचं कसब थोडं गंजलं होतं, पण बऱ्यापैकी शाबूत निघालं. घोळ झाला तो डोक्याच्या कामात. पडद्यावरच्या नकाशाशिवाय आपण कुठे आहोत, पुढे काय करायचं, कुठलं यंत्र खोटं सांगतंय, हे ओळखताना जास्त चुका झाल्या.

सायकलसारखं समजा. दहा वर्षांनी बसलात तरी तोल जात नाही. पण चौकात कुठून गाडी येईल याचा अंदाज सुटलेला असतो.

यात लाज वाटण्यासारखंही काही नाही. अमेरिकेच्या नियमानुसार, मागच्या ९० दिवसांत किमान तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग केलेली नसतील तर लायसन्स असलेल्या पायलटलाही प्रवासी घेऊन उडता येत नाही. तिथे तीन महिन्यांचा खंड मोठा धरतात. तुमचा तर दहा वर्षांचा आहे.

परत सुरुवात करायची कशी?

सगळ्यात आधी सेटिंग तपासा. जॉयस्टिक आणि गेमपॅड दोन्ही जोडलेले असतील तर एकच कंट्रोल दोन्हीकडून हलत असतो आणि विमान आपोआप वाकडं जातं. यात तुमचा काही दोष नसतो.

महागडी उपकरणं लगेच घेऊ नका. पहिला महिना साधा गेमपॅड पुरतो. तरीही रोज बसावंसं वाटलं तर जॉयस्टिकचा विचार करा.

आणि एअरबस सोडा, सेसना १७२ घ्या. मोठ्या विमानात कॉम्प्युटर बरंच काही सांभाळतो, त्यामुळे तुमचं काय सुटलंय तेच कळत नाही. सेसना लगेच दाखवते. लँडिंगला साधारण ६५ नॉट वेग ठेवायचा. नाक वरखाली करून वेग सांभाळायचा आणि इंजिनाची ताकद कमीजास्त करून उतरण्याचा दर. नवशिके नेमकं उलटं करतात आणि रनवेवर उड्या मारतात.

सोबत दोन तोंडी हिशेब पाठ करा. जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणलं की मिनिटाला किती फूट उतरायचं ते कळतं. ७० नॉट असेल तर ३५० फूट. दुसरा असा, की रनवे जितके नॉटिकल मैल दूर, तितके गुणिले ३०० फूट उंची हवी. तीन मैलांवर ९०० फूट. कॅसनरच्या पायलटांचं अडलं ते याच प्रकारच्या डोक्याच्या कामात, त्यामुळे सराव त्याचाच करायचा.

पहिली परीक्षा: पुणे ते मुंबई

चार-पाच दिवस एकाच विमानतळावर टेकऑफ-लँडिंग करा. मग नकाशा आणि जीपीएस बंद करून पुण्याहून मुंबईला निघा. अंतर सरळ रेषेत साधारण १२० किलोमीटर, सेसनाला पाऊण तासही लागत नाही.

४,५०० फुटांवर रहा. वाटेतला विसापूर साडेतीन हजार फुटांच्या जरा वर आहे, लोहगड त्याहून थोडा बुटका. खाली एक्सप्रेसवे शोधा आणि तो धरून चला. डावीकडे पवना धरण दिसलं पाहिजे, पुढे लोणावळा. खंडाळ्यानंतर जमीन एकदम खाली जाते, म्हणजे घाट ओलांडला. मग पनवेल, मग खाडी. पुण्याचा रनवे समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फुटांवर आहे आणि मुंबईचा जवळजवळ समुद्रालगत. त्यामुळे उतरायला कधी लागायचं हा हिशेब तुम्हालाच करावा लागेल.

रस्ता चुकाल. पनवेलऐवजी भलतंच गाव दिसेल, किंवा मुंबईच्या रनवेवर हजार फूट जास्त उंचीने पोहोचाल. तेव्हा बंद करू नका. एक चक्कर मारून परत या. खरे पायलटही उंची चुकली की जबरदस्तीने न उतरता हेच करतात, त्याला गो-अराउंड म्हणतात.

त्या शनिवारी रात्री तुम्हालाही तेवढंच करायला हवं होतं.