‘सूदिंग’ शब्दाच्या मुळाशी आहे ‘सत्य’. मग अर्थ बदलला कसा?

कोरफडीच्या जेलवर ‘सूदिंग’, यूट्यूबवरच्या पावसाच्या आवाजाला ‘सूदिंग’, घशाच्या गोळीवरही ‘सूदिंग’. ‘सूद’ या इंग्रजी क्रियापदाचा आजचा अर्थ शांत करणे, वेदना किंवा जळजळ कमी करणे. मूळ शब्दाचा मात्र शांततेशी काहीच संबंध नव्हता.

जुन्या इंग्रजीत ‘सोथ’ म्हणजे खरे. त्यावरून ‘सोथियन’ हे क्रियापद आले. अर्थ होता, एखादी गोष्ट खरी असल्याचे दाखवणे, साक्ष देणे. भविष्य सांगणाऱ्याला इंग्रजीत ‘सूथसेयर’ म्हणतात तेही यामुळेच. शब्दशः ‘खरे बोलणारा’. शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरला सावध करणारे पात्र हेच. विशेष म्हणजे आपले ‘सत्’ आणि ‘सत्य’ हे या ‘सोथ’चे सख्खे नातेवाईक. तिन्ही शब्द ‘असणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूतून आले. जे आहे, ते सत्य.

मग गाडी रुळावरून घसरली कुठे?

सोळाव्या शतकात. ‘हे खरे आहे’ असे सिद्ध करण्याऐवजी ‘तुमचेच खरे’ असे म्हणण्यासाठी हा शब्द वापरला जाऊ लागला. मराठीत सांगायचे तर री ओढणे, हो ला हो करणे. समोरचा चुकीचे बोलत असला तरी मान डोलवायची, म्हणजे तो खूश. आणि खूश झालेला माणूस शांत होतो! सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘शांत करणे, दिलासा देणे’ हा अर्थ रूढ झाला. अठराव्या शतकात त्यात दुखणे कमी करणेही आले. खरे-खोटे बाजूला पडले ते कायमचेच.

पुढे हा शब्द औषधांच्या बाटल्यांवर पोहोचला. १८४९ पासून अमेरिकेत ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ विकले जाऊ लागले. दात येताना रडणारी बाळे त्याने खरोखर शांत होत, कारण त्यात मॉर्फिन होते. ते पिऊन झोपलेली काही बाळे पुन्हा उठलीच नाहीत. बाटलीवर मॉर्फिनचा उल्लेख बंधनकारक करणारा कायदा यायला १९०६ साल उजाडले. १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या सिरपची गणना बाळांचे जीव घेणाऱ्या औषधांत केली.