बर्फ नसलेल्या महिन्यांतले हस्की

अलास्कातील डेनाली राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्या हस्की कुत्र्यांचे प्रात्यक्षिक पाहायला मिळते. ते अगदी आटोपशीर असते. काही कुत्री चाकांच्या गाडीला जुंपतात, खडीच्या वाटेवरून एक छोटी फेरी होते आणि बाकीचा वेळ रेंजर माहिती सांगतो. हा आटोपशीरपणा आळसातून आलेला नाही. हस्कीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि घाम त्याला जवळजवळ फक्त पंजांतून येतो. अंगातली उष्णता धापा टाकूनच बाहेर काढावी लागते. उणे वीस अंशांत मैलोन्‌मैल खुशीत पळणारा हा प्राणी अधिक वीस अंशांत थोडक्या श्रमानेही तापतो. म्हणून संघांचा खरा सराव उन्हाळा ओसरून हवेत गारवा आला की सुरू होतो. तेव्हा बर्फ नसेल तर कुत्र्यांना एटीव्ही (खडबडीत वाटेवरची छोटी मोटरगाडी) ओढायला लावतात. खासगी मशर, म्हणजे स्लेज हाकणारे, पर्यटकांसाठी उन्हाळी शिबिरे चालवतात; तिथे शिकतात ती मुख्यतः पिल्ले. त्यांना माणसांची, पट्ट्यांची आणि गोंगाटाची सवय होते. मोठ्या कुत्र्यांच्या वाट्याला छोट्या फेऱ्या येतात आणि मालकाच्या वाट्याला पर्यटकांचे पैसे.

या पैशांना कोणी नाक मुरडू नये. 1960 च्या दशकात स्नोमोबाइल आली आणि अलास्काच्या खेड्यांतून कुत्र्यांची गरज भराभर संपत गेली. सेंट लॉरेन्स बेटावरचे कुत्र्यांच्या गाडीने जाणारे टपाल 1963 मध्ये बंद झाले. ही परंपरा पुरती बुडू नये म्हणून जो रेडिंग्टन यांनी 1973 मध्ये अँकरेज ते नोम अशी सुमारे 1,600 किलोमीटरची इडिटारॉड शर्यत सुरू केली. पण बक्षिसे मूठभरांनाच मिळतात आणि कुत्री मात्र बारा महिने खातात. ही तूट उन्हाळ्यात क्रूझने येणारे प्रवासी भरून काढतात. जूनोहून तर त्यांना हेलिकॉप्टरने हिमनदीवरच्या श्वानतळावर नेतात. इंधन जाळत वर जायचे आणि हिमनदी आक्रसते आहे म्हणून हळहळायचे, असा हा प्रकार! तरी ‘हा नुसता देखावा’ हा आक्षेप मला पटत नाही. ज्या कुत्र्यांनी टपाल वाहिले, औषधे पोचवली, त्यांनी आता पर्यटक ओढले तर परंपरा बाटत नाही. पोट भरण्याची रीत बदलते, इतकेच.

खरा धोका वेगळा आहे. 2010 मध्ये कॅनडातील व्हिसलर येथे हिवाळी ऑलिंपिकनंतर पर्यटकांची गर्दी ओसरली आणि एका व्यवसायातली पन्नासहून अधिक कुत्री मारली गेली. पुढच्या वर्षी हे उघडकीस आल्यावर हलकल्लोळ झाला आणि ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2012 मध्ये स्लेज-कुत्र्यांच्या देखभालीचे नियम केले. या प्रकरणाचा दोष एका माणसाच्या क्रौर्यावर ढकलून मोकळे होता येत नाही. गर्दी पाहून कुत्री वाढवली की गर्दी हटताच ती डोईजड होणारच. 2020 मध्ये साथीमुळे अलास्काचा क्रूझ-हंगाम बुडाला, तेव्हा एका उन्हाळ्यावर वर्ष काढणाऱ्यांचा पाया किती ठिसूळ असतो ते पुन्हा दिसले. हिवाळाही आता भरवशाचा उरलेला नाही. बर्फाअभावी इडिटारॉडची मुख्य सुरुवात 2003, 2015, 2017 आणि 2025 मध्ये फेअरबँक्सला हलवावी लागली. बर्फ जितका कमी पडेल, तितकी उन्हाळी कमाईवरची भिस्त वाढेल.

डेनालीचा हिशेब उलटा आहे. तिथले पहिले अधीक्षक हॅरी कार्स्टेन्स यांनी 1922 मध्ये शिकारचोरांवर गस्त घालण्यासाठी कुत्री विकत घेतली. आजही उद्यानाच्या संरक्षित वनभागात हिवाळी गस्त आणि सामानाची वाहतूक कुत्रीच करतात. संख्या ठरते ती या कामावरून. साधारण नऊ वर्षांचे झालेले कुत्रे निवृत्त होते आणि त्याला दत्तक घर शोधले जाते. यावर कोणी म्हणेल, सरकारी तिजोरी पाठीशी असताना हे सोपे आहे, खासगी मशरने काय करावे? तिजोरीचा मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. पिलावळ मर्यादित ठेवायला तिजोरी लागत नाही, उलट खर्च वाचतो. म्हाताऱ्या कुत्र्याचा खर्च तिकिटाच्या दरात आधीच धरता येतो. कुत्री साखळीने बांधून ठेवण्यावरचा आक्षेपही मी याच मापाने तोलतो. प्रत्येक कुत्र्याला स्वतःचे खोके, फिरत्या कडीची साखळी आणि रोजची हालचाल मिळत असेल तर ती व्यवस्था सहन करता येते. पण खाणारी तोंडे इतकी वाढली की प्रत्येकाला रोज मोकळे सोडायला माणूसच उरत नाही, तर मग ती कैदच.

अलास्काच्या सहलीवर आता मराठी कुटुंबेही जातात. अशा शिबिराचे तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी जरूर विचारा: किती अंशांवर फेरी रद्द होते आणि निवृत्त कुत्री कुठे जातात? सरळ उत्तर मिळाले नाही, तर ते तिकीट काढू नका.