‘कनेक्ट होत नाही’ म्हणजे नेमकं काय झालं?

रात्री अकराच्या सुमाराला लॉगमध्ये एकच ओळ धडाधड पडत होती: ‘नो रूट टू होस्ट’. शब्दशः अर्थ घ्यायचा तर समोरच्या मशीनपर्यंत जायला रस्ताच नाही. म्हणून आम्ही तिघं तासभर राउटिंग टेबल धुंडाळत बसलो. टेबलात खोट नव्हती आणि पिंगही व्यवस्थित जात होतं. दोष निघाला त्या मशीनवरच्या फायरवॉलमध्ये. नवं पोर्ट उघडायचं राहून गेलं होतं.

तेव्हापासून टीममध्ये नवीन आलेल्या प्रत्येकाला मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पलीकडे काय बिघडलंय, हे ऑपरेटिंग सिस्टीमला ठाऊक नसतं. आपण पाठवलेल्या पॅकेटला काय उत्तर आलं, की आलंच नाही, एवढंच तिच्या हाती असतं. तेवढ्यावरून ती ठरलेल्या एरर-नंबरांपैकी एक निवडते आणि प्रोग्रॅमला देते. १९८३ साली बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून सॉकेट आले, तेव्हापासून हीच रीत आहे. एररच्या मजकुराला आपण रोगाचं निदान समजतो. तो असतो फक्त एक लक्षण.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड आलं, म्हणजे सर्व्हर डाऊन’

मला तर ही एरर पाहून हायसं वाटतं. जोडणी मागणारं ‘सिन’ पॅकेट पलीकडे पोचलं आणि तिथून ‘रीसेट’ परत आलं, असा तिचा सर्वसाधारण अर्थ. म्हणजे रस्ता ठीक आहे, मशीन जागं आहे, त्याने उत्तरही दिलं आहे. फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही. सर्व्हिस सुरू आहे का, पोर्ट नंबर बरोबर आहे का, ती फक्त १२७.०.०.१ वरच ऐकत नाही ना, एवढं तपासलं की बहुतेक वेळा काम होतं.

पण इथेही एक मेख आहे. लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये ‘रिजेक्ट’ नियम लावला आणि आणखी काही सांगितलं नाही, तर फायरवॉल ‘पोर्टपर्यंत पोचता येत नाही’ असा आयसीएमपी संदेश पाठवते. जोडणी मागणाऱ्या लिनक्सवर त्याचंही रूपांतर ‘रिफ्यूज्ड’मध्येच होतं. सर्व्हिस आत सुखरूप चालू असते आणि नकार दारावरच्या पहारेकऱ्याने दिलेला असतो.

याच एररचा नंबर लिनक्सवर १११, मॅकवर ६१ आणि विंडोजवर १००६१ आहे. कोडमध्ये थेट आकडा लिहू नका, नाव वापरा.

आमच्या त्या रात्रीच्या एररचंही असंच होतं. काही लिनक्स फायरवॉल ‘मनाई आहे’ अशा अर्थाचा आयसीएमपी संदेश पाठवतात, आणि लिनक्स तो ‘नो रूट टू होस्ट’ या नावाखाली प्रोग्रॅमला देतं. आपल्याच लॅनवरचं मशीन बंद असेल, तरीही हीच एरर येते. मशीनचा हार्डवेअर पत्ता विचारणाऱ्या एआरपी हाकांना कुणी ओ देत नाही, आणि साधारण तीन सेकंदांनी लिनक्स हात टेकतं. एरर तत्काळ आली तर आधी फायरवॉल पाहावी, तीनेक सेकंद घेऊन आली तर मशीन चालू आहे का ते. एररच्या शब्दांपेक्षा घड्याळ कधीकधी जास्त सांगून जातं.

‘टाइमआउट म्हणजे नेट स्लो’

टाइमआउट म्हणजे शांतता, आणि शांततेला कारणं अनेक. फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं असेल, दूरचं मशीन बंद असेल, परतीचा रस्ता चुकला असेल. सर्व्हिसची रांग भरलेली असली, तरी लिनक्स सहसा नकार न देता नवी मागणी नुसती सोडून देतं. या सगळ्यांत फरक करायला ऑपरेटिंग सिस्टीमकडे काहीच नसतं.

लिनक्स सहजासहजी आशा सोडत नाही. २०२३ पूर्वीच्या आवृत्त्यांत ते मूळ सेटिंगप्रमाणे पहिलं सिन गेल्यावर १ सेकंद थांबायचं, पुन्हा पाठवून २ सेकंद, मग ४, ८, १६, ३२ आणि शेवटी ६४. बेरीज १२७ सेकंद. तुमच्या ॲपने तिसाव्या सेकंदालाच टाइमआउट दाखवला, तर तो बहुधा ॲपचा किंवा मधल्या लायब्ररीचा स्वतःचा निर्णय असतो. कर्नल तोवर प्रयत्नच करत असतं. लॉग वाचताना कोण कंटाळलं, हे आधी ओळखावं.

‘कनेक्ट झालं, म्हणजे पलीकडे सगळं ठीक’

हे खोटं आहे, आणि घरच्या लिनक्सवर दोन मिनिटांत पाहता येतं. एका टर्मिनलमध्ये पायथनचा छोटा वेब सर्व्हर सुरू करा आणि कंट्रोल-झेड दाबून गोठवा. दुसऱ्या टर्मिनलमधून त्याच पोर्टवर कर्ल तपशीलवार मोडमध्ये चालवा. ‘कनेक्टेड’ अशी ओळ येते आणि त्यापुढे कर्सर नुसता लुकलुकत राहतो. हस्तांदोलन कर्नल परस्पर उरकतं. गोठलेल्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताही नसतो. ‘पोर्ट उघडं आहे’ एवढंच पाहून सर्व्हिसची तब्येत ठरवणाऱ्या हेल्थ चेकवर माझा म्हणूनच विश्वास नाही. डेटा पाठवतानाही तसंच: ‘सेंड’ यशस्वी झालं, म्हणजे डेटा आपल्याच कर्नलच्या बफरमध्ये जमा झाला.

न थांबता जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमांत चुका याहून जास्त होतात. तिथे ‘कनेक्ट’ लगेच परत येतं आणि ‘काम चालू आहे’ म्हणतं. पुढे सॉकेट ‘लिहिण्याजोगं’ झालं की अनेकजण जोडणी झाली असं धरून चालतात. पण अयशस्वी जोडणीही सॉकेटला लिहिण्याजोगंच करते. खरा निकाल कळायला सॉकेटची साठवलेली एरर मागून घ्यावी लागते, आणि ती एकदा वाचली की पुसली जाते. म्हणून वाचल्याबरोबर जपून ठेवायची.

यात खुद्द ऑपरेटिंग सिस्टीमही चुकू शकते. विंडोजमधलं ‘डब्ल्यूएसएपोल’ हे फंक्शन अयशस्वी जोडणीची खबरच देत नसे. प्रोग्रॅम वाट पाहत राहायचा. कर्लचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०१२ मध्ये याबद्दल जाहीरपणे लिहिलं. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांनुसार ही उणीव दूर झाली ती विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली.

‘केबल निघाली तर प्रोग्रॅमला कळतंच’

जोडणी झाल्यावर पलीकडच्या मशीनची वीज गेली आणि तुम्ही काहीच पाठवत नसाल, तर तुमच्याकडे एकही पॅकेट येत नाही. मग एररही येत नाही; जोडणी दिवसचे दिवस ‘चालू’ दिसू शकते. तुम्ही डेटा पाठवलात, तर लिनक्स तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतं आणि मूळ सेटिंगप्रमाणे पंधरा मिनिटांहून जास्त वेळाने हार मानतं. यावरचा ‘कीप-अलाइव्ह’ हा उपाय प्रोग्रॅमने मागितल्याशिवाय सुरू होत नाही. मागितला, तरी पहिली विचारपूस होते ७,२०० सेकंदांनी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने एकूण नऊ. सेटिंग बदललं नाही, तर मेलेली जोडणी मेली आहे हे कळायला २ तास ११ मिनिटं लागतात.